मूर्खलक्षणं आणि मैत्री : गुरुवारच्या वाचनात परत परत येणारे प्रश्न

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला आम्ही आठ-दहा जण बसतो आणि समर्थ रामदासांच्या दासबोधाचा एक समास, म्हणजे एक छोटं प्रकरण, वाचतो. पावसाळ्यात कुणाच्या तरी हॉलमध्ये. एकूण समास २००, आठवड्याला एक म्हटलं तरी चार वर्षांचं काम, पण दुसऱ्या दशकापाशी (दशक म्हणजे दहा समासांचा गट) येऊन आम्ही जवळपास सहा महिने तिथेच रेंगाळलो, कारण पहिलाच समास मूर्खलक्षणांचा, दुसरा उत्तमलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाचा, आणि या तिन्हींवर लोक घरी गेल्यावरसुद्धा फोन करून बोलत बसायचे. नवीन माणूस आला की तेच प्रश्न परत येतात. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते. मी कीर्तनकार नाही, संस्कृत पंडित नाही, बँकेत नोकरी करून रिटायर झालेली बाई आहे, त्यामुळे जे वाचलं आणि जे जगून कळलं तेवढंच सांगेन.

मूर्खलक्षण म्हणजे नक्की काय आहे? विनोदी यादी आहे का?

हसू येतं वाचताना, हे खरंय. पण यादी विनोदासाठी केलेली नाही. समर्थ रामदास (जन्म १६०८, गाव जांब, आताच्या जालना जिल्ह्यात) यांनी महाडजवळच्या शिवथरघळीत सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला तो दासबोध, २० दशक, प्रत्येकात १० समास. त्यात दुसऱ्या दशकाचा पहिला समास म्हणजे मूर्खलक्षण. रचना अगदी साधी, एका ओवीत दोन-तीन सवयी सांगायच्या आणि शेवटी ‘तो येक मूर्ख’. पुढची ओवी, परत दोन-तीन सवयी, परत ‘तो येक मूर्ख’. असं सत्तरच्या आसपास ओव्या चालू राहतं. पहिल्या दहा ओव्यांना लोक हसतात, पंधरा-वीस झाल्या की हसणं बंद होतं, कारण तोपर्यंत प्रत्येकाची एक तरी ओवी येऊन गेलेली असते.

मूर्ख म्हणजे कमी बुद्धीचा माणूस ना?

नाही, आणि हे एकदा नीट कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. समासाच्या सुरुवातीलाच ते सांगून टाकतात की हे कोणाबद्दल चाललंय, ‘जे प्रपंचिक जन’, म्हणजे घरदार, नोकरी-धंदा, देणंघेणं करणारे तुम्ही-आम्ही. वेड्याबद्दल किंवा मंदबुद्धीबद्दल नाही. यादी डोळ्याखालून घाला, गणित येत नाही तो मूर्ख असं एकदाही आलेलं नाही. काय आलंय? दोघं बोलत असतात तिथे तिसरा जाऊन बसतो. चार माणसं जागी असतात त्यांच्यात हा आडवा पडून झोपतो. दुसऱ्याच्या घरी जाऊन पोटापेक्षा जास्त जेवतो. भांडण चाललेलं असतं आणि हा मजा बघत उभा राहतो, सोडवत नाही. म्हणजे मूर्खपणा डोक्यात नाही, माणसामाणसात आहे. समोर कोण आहे, प्रसंग काय आहे, आपली जागा कुठली, याचं भान सुटलं की माणूस मूर्ख, मग तो कितीही हुशार असू दे. माझ्या ३४ वर्षांच्या नोकरीत मी अतिशय हुशार माणसं पाहिली ज्यांना कुठे थांबायचं ते कळत नव्हतं, आणि सही करता न येणाऱ्या बायका पाहिल्या ज्या अंगठा लावायला आल्या तरी रांगेत मागे कोणी म्हातारं उभं आहे का ते बघून त्याला पुढे करायच्या.

आणि भान ही गोष्ट सुटते तशी परतही येते. म्हणून यादी.

लोकांना तोंडावर मूर्ख म्हणणं बरं दिसतं का? संत असून एवढे कडक कसे?

हा प्रश्न विशेषतः तरुण मुलं विचारतात. एक तर समासाच्या शेवटी समर्थ स्वतःच श्रोत्यांची क्षमा मागतात. ‘त्यागार्थ बोलिलें’ असा शब्द आहे, म्हणजे हे टाकून देण्यासाठी सांगितलं, कुणाला लागावं म्हणून नाही, आणि लक्षणं तर अपार आहेत, त्यातली काही माझ्या मतीप्रमाणे सांगितली, असंही म्हणतात. इतकं कडक बोलून शेवटी हात जोडणारा माणूस हा, हे लोक विसरतात.

दुसरं म्हणजे ते कुठून बोलतायत ते बघा. आमचं नाशिक, इथून टाकळी जवळच, नंदिनी आणि गोदावरीच्या संगमापाशी. तिथे त्यांनी १२ वर्षं तप केलं आणि मग १२ वर्षं देशभर पायी फिरले असं परंपरा सांगते. ते टाकळीला असतानाच १६३० ते १६३२ चा तो दख्खनचा भयानक दुष्काळ पडून गेला, माणसं गावं सोडून गेली, आणि पुढच्या भ्रमंतीत त्यांनी जो मुलूख पाहिला तो त्यातून उठू बघणारा होता. अशा काळात माणूस जवळून पाहिलेला आहे त्यांनी, कोण कोणाला धरून राहिला आणि कोणी कोणाला सोडलं. मला तर वाचताना वाटतं की बऱ्याच ओव्यांच्या मागे एकेक खरा चेहरा असणार. दारोदार भिक्षा मागणाऱ्याला घराघरातलं जे दिसतं ते घरमालकाला दिसत नाही.

यात मैत्रीबद्दल काही आहे का, का नुसतंच वागण्याबोलण्याचं?

खूप आहे, फक्त ‘मैत्री’ असा मथळा देऊन एकत्र सांगितलेलं नाही, विखुरलेलं आहे. आम्ही एका गुरुवारी वही घेऊन बसलो आणि मित्र, ओळख, संगत, विश्वास या शब्दांच्या ओव्या बाजूला काढल्या. मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात त्या सांगते.

‘संगेंविण विदेश करी । वोळखीविण संग धरी’. सोबत नसताना परमुलखात जाणारा आणि ओळख नसताना संगत धरणारा, दोघं एकाच ओवीत. म्हणजे एकटं राहणं पण धोक्याचं आणि कोणाच्याही गळ्यात पडणं पण धोक्याचं. माझा भाचा पुण्यात नवीन नोकरीला लागला तेव्हा त्याचं अक्षरशः हेच झालं, पहिले दोन महिने रूमवर एकटा, आणि मग एकटेपणाला इतका कंटाळला की जिमच्या पहिल्या ओळखीवर कुणासाठी तरी कर्जाला जामीन राहिला. एकटेपणातूनच घाईची मैत्री जन्माला येते, आणि समर्थांनी ती दोन्ही टोकं शेजारी ठेवलीयत हे मला त्याच्यामुळे कळलं.

‘तुक तोडून बोले । मार्ग सांडून चाले । कुकर्मी मित्र केले’. आपल्याकडे ‘असंगाशी संग प्राणाशी गाठ’ म्हणतात तेच. पण इथे क्रम बघा. आधी बोलण्यातला तोल गेला, मग वाट सुटली, मग तसे मित्र आले. आपण नेहमी म्हणतो मित्रांनी बिघडवलं. ओवी वाचताना मला उलटं दिसतं, आधी आपण थोडे सुटलेलो असतो, म्हणून तसे मित्र गोड लागतात. (हा अर्थ माझा आहे, आमच्याच ग्रुपमधल्या काकांना पटत नाही, ते म्हणतात ओवीत नुसती यादी आहे, क्रम शोधू नका.)

‘आपलें काज होये तंवरी । बहुसाल नम्रता धरी । पुढीलांचें कार्य न करी’. गरज सरो वैद्य मरो. आपलं काम होईपर्यंत मऊ, समोरच्याचं काम आलं की गायब.

आणि ‘लक्ष्मी आलियावरी । जो मागील वोळखी न धरी’. हिच्याबद्दल खाली वेगळं लिहिते, ती माझी ओवी आहे.

उत्तमलक्षणांच्या समासात याची दुसरी बाजू येते, तिथे बहुतेक ओळी ‘करू नये’ अशा. ‘अति क्रोध करूं नये । जिवलगांस खेदूं नये’. जिवलगांना दुखवू नये. किती साधं, पण रागाच्या लगेच शेजारी ठेवलंय, कारण आपला जास्तीत जास्त राग निघतो तो जिवलगांवरच, परका माणूस तो सहनच करणार नाही. ‘क्षणक्षणां रुसों नये’. ‘बोलिला बोल विसरों नये’. मैत्री टिकवायला यापेक्षा जास्त काही लागत असेल असं मला वाटत नाही, पण हे एवढं लागतंच.

ज्याच्यासाठी इतकं केलं तो मित्र आता ओळखसुद्धा दाखवत नाही. काय करायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याचा आवाज नेहमी थोडा जड असतो. आधी हे मान्य करा की दुखतंय. ‘जाऊ दे, मला काही फरक पडत नाही’ असं म्हणणारे लोक पाच वर्षांनी तीच गोष्ट त्याच शब्दांत परत सांगताना मी ऐकलेत.

मग एक गोष्ट तपासा. तुम्ही केलेल्या मदतीचा हिशोब त्याला कधी ऐकवला होता का, सहज म्हणून, चारचौघात, ‘तेव्हा मी नसतो तर’ वगैरे? उत्तमलक्षणात आहे, ‘कोणाचा उपकार घेऊं नये । घेतला तरी राखों नये’. म्हणजे उपकार घ्यायचा नाही आणि घेतलाच तर फेडल्याशिवाय ठेवायचा नाही. उपकाराचं ओझं किती असतं ते समर्थांना माहीत होतं. ज्याला फेडता येत नाही तो माणूस बरेचदा तोंड चुकवतो, आणि आपण समजतो माजलाय. कधी माजलेला असतोही. पण नेहमी नाही. फेडायची संधी न देणारे उपकारकर्ते मी पाहिलेत, ते मदत करतात आणि मग माणसाला कायमचं खालीच ठेवतात, आणि त्यांना स्वतःला ते कळतही नाही.

हे तपासून झाल्यावरही जर समोरचा नुसता स्वार्थीच निघाला, तर भांडू नका, चारचौघात बोलू नका, पण पुढचं काम घेऊन आला तर ‘नाही’ म्हणायला शिका. यात काही वाईट नाही.

मित्राला पैसे उसने द्यावेत का?

बँकेतली बाई म्हणून हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. माझं उत्तर, परत आले नाहीत तरी मैत्रीवर ओरखडा येणार नाही एवढेच द्या, आणि देताना ते मनातून सोडून द्या. जास्त लागत असतील तर कागद करा आणि कागद करताना लाजू नका. ज्या मित्राला कागदाचा राग येतो त्याला पैसे देऊ नयेत. जामीन राहण्याबद्दल तर मी फार स्पष्ट आहे, मूळ कर्जदाराने हप्ते थकवले की बँक जामीनदाराच्या दारात येते आणि पूर्ण रकमेसाठी येते, ‘मी फक्त सही केली होती’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ऐकताना अजून पोटात कालवतं. नवरा गेल्यावर ज्या सहीबद्दल घरात कुणाला माहीतच नव्हतं तिची नोटीस हातात घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्यात.

‘जो गोत्रजांस विश्वासे तो येक मूर्ख’ असं आहे. म्हणजे भावकीवर विश्वास ठेवायचाच नाही?

ही ओळ आली की ज्याच्या ज्याच्या गावाकडे जमीन आहे तो मान हलवतो. गोत्रज म्हणजे भाऊबंद. आणि भाऊबंदकी काय असते ते महाराष्ट्रात कुणाला शिकवायला नको, सातबाऱ्यावर नाव लावायचं राहिलं, वाटणी तोंडी झाली, बांध एक फूट सरकला, आणि ज्यांनी एकमेकांच्या लग्नात पंक्तीला वाढलं ते कोर्टात समोरासमोर. त्या काळीही वतनावरून हेच चालायचं, घरं उद्ध्वस्त व्हायची.

पण माझं वाचणं असं आहे की इथे आंधळ्या विश्वासाबद्दल बोललंय. कारण त्याच समासात, आपल्यांना दूर ठेवून परक्यांशी मैत्री करणारासुद्धा मूर्खच सांगितलाय, ‘आपलीं धरूनियां दुरी । पराव्यासीं करी मीत्री’. दोन्ही ओव्या एकत्र वाचल्या की कळतं. आपल्या माणसांना धरून राहा, पण व्यवहार नात्याच्या भरवशावर अर्धा सोडू नका. वाटणी प्रेमाने झाली ना, मग रजिस्टरही प्रेमानेच करा. उशीर झाला की प्रेम पण जातं आणि जमीन पण.

बायकांबद्दल आणि जातीबद्दल ज्या ओळी आहेत त्यांचं काय करायचं?

मला त्या पटत नाहीत, आणि वाचनात त्या आल्या की मी त्या गाळत नाही, मोठ्याने वाचते आणि मग सांगते की मला हे मान्य नाही. बायकोला सखी मानणारा मूर्ख, बायकोच्या आधीन राहणारा मूर्ख, अशा ओळी आहेत. सतराव्या शतकातला पुरुष श्रोता समोर धरून त्या केल्यात. माझ्या नवऱ्याने मला ४१ वर्षं सखी मानलं आणि तो मला भेटलेला सगळ्यात शहाणा माणूस होता. जातीच्या उतरंडीच्या ओळींचंही तेच, त्या टाकायच्याच. समर्थांनीच तर शब्द दिलाय, ‘त्यागार्थ’. ज्या ग्रंथावर प्रेम आहे त्याच्याशी वाद घालता आला पाहिजे, नाहीतर ते प्रेम नाही, धाक आहे.

ग्रंथ गाळून वाचू नये हेही त्याच समासात आहे बरं का. ‘अक्षरें गाळून वाची । कां तें घाली पदरिचीं’, अक्षरं गाळणारा किंवा पदरची घालणारा मूर्ख. म्हणून नको असलेली ओळ झाकायची नाही.

पढतमूर्ख कोण? आणि तो साध्या मूर्खापेक्षा वाईट का?

दुसऱ्या दशकाचा दहावा समास. साध्या मूर्खाला कळत नाही, पढतमूर्खाला कळतं. वाचलेलं असतं, बोलता येतं, समजावून सांगता येतं, आणि तरी वागण्यात काही उतरलेलं नसतं. ‘वर्तल्याविण सिकवी’ हे दोन शब्द पुरेसे आहेत. स्वतः न वागता शिकवतो. ‘आपलेन ज्ञातेपणें । सकळांस शब्द ठेवणें । प्राणीमात्राचें पाहे उणें’. आपल्या हुशारीच्या जोरावर प्रत्येकाला नावं ठेवायची आणि प्रत्येक जिवात काय कमी आहे तेवढंच बघायचं.

आता मैत्रीच्या बाजूने बघा. साधा मूर्ख मित्र असला तर फार तर त्रास होतो, वेळेवर येत नाही, नको तिथे बोलतो, पण त्याच्या जवळ बसून आपण लहान होत नाही. पढतमूर्ख मित्राकडून उठून घरी आलं की आपल्याला आपलंच काहीतरी कमी वाटायला लागतं, आणि का ते सांगताही येत नाही, कारण तो काही खोटं बोललेला नसतो. तुमच्या मुलाच्या मार्कांबद्दल, तुम्ही घेतलेल्या फ्लॅटबद्दल, तुम्ही केलेल्या भाजीबद्दल त्याने खरी खरी उणीव दाखवलेली असते. उणं बघणं ही सवय झाली की माणूस खऱ्याच्या आड लपतो. ‘गुण सांगतां अवगुण पाहे’ असंही एका ओवीत आलंय, समोरचा चांगलं सांगत असताना हा त्यातलं वाईट शोधतो. एखाद्या मैत्रिणीला आपण आनंदाची बातमी सांगायचं टाळायला लागलो आणि वाईट बातमी मात्र सहज सांगतो, असं झालं की समजावं.

आणि हो, समूळ ग्रंथ न वाचता उगाच दूषण ठेवणारा सुद्धा पढतमूर्ख. हे आपल्याला आज फार लागू आहे, आपण हेडलाइन वाचून मत देतो.

घरात चिडचिड आणि बाहेर गोड, अशा माणसाबद्दल काही आहे का?

‘घरीच्यावरी खाय दाढा । बाहेरी दीन बापुडा’. चारशे वर्षं होत आली या ओळीला. घरच्यांवर दात खायचे आणि बाहेर गरीब गाय. ऑफिसात साहेबांनी बोललेलं गिळून घरी येऊन भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवणारी माणसं आजही आहेत. वाचनाला येणाऱ्या एका गृहस्थांनी ही ओवी ऐकून काहीच म्हटलं नाही, पुढच्या गुरुवारी बायकोला घेऊन आले. तेव्हापासून दोघं येतात.

व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद होतात, जुने शाळेतले मित्र तुटतात. बोलावं की गप्प बसावं?

‘तोंडाळासी भांडों नये । वाचाळासी तंडों नये’. तोंडाळ माणसाशी भांडायचं नाही, वाचाळाशी तंडायचं नाही. कारण सोपं आहे, त्याचं ते रोजचं आहे आणि आपली ताकद त्यात जाते. आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर निवडणुकीच्या वेळी इतकं पेटलं की ज्या दोघांनी शाळेत एकाच डब्यात जेवलं ते एकमेकांना ब्लॉक करून बसले, आणि त्यातल्या एकाच्या घरी दुःखद प्रसंग झाला तेव्हा दुसऱ्याला तीन आठवड्यांनी कळलं.

पण गप्प बसणं हे नेहमीच उत्तर नाही. ‘कळह पाहात उभा राहे । तोडवीना कौतुक पाहे । खरें अस्तां खोटें साहे’, हीही ओवी आहेच. भांडण चाललंय आणि आपण स्क्रोल करत मजा बघतोय, कोण खरं बोलतंय ते माहीत असून खोटं चालू देतोय, तर त्या यादीत आपलं नाव लागतं. मी काय करते सांगते, ग्रुपवर काही लिहीत नाही, पण दोघांपैकी ज्याच्याशी माझं जास्त जमतं त्याला फोन लावते. टाईप करून कुठलंच भांडण मिटलेलं मी पाहिलेलं नाही, आवाज ऐकला की माणूस निम्मा खाली येतो.

मित्र सारखी थट्टा करतो, आणि आपण केली की चिडतो.

त्यालाही ओवी आहे. ‘विनोद करी सर्वदा । हासतां खिजे पेटे द्वंदा’. एकदा एकांतात सांगा की मला हे लागतं. चांगला असेल तर थांबेल.

मित्र चुकीच्या वाटेला लागलाय हे दिसतंय. सांगावं का?

सांगावं. पण केव्हा आणि कसं यावर सगळं आहे. न विचारता साक्ष देणारा, आदर न ठेवता बोलणारा, हेही मूर्खातच मोजलेत, ‘आदरेंविण बोलणें । न पुसतां साक्ष देणें’. म्हणजे चारचौघात तुमचं मत फेकू नका. दारू वाढलीय, ऑनलाइन जुगारात पैसे जातायत, घरी मारझोड होतेय, अशा गोष्टी असतील तर एकटं गाठा, चालत चालत बोला (समोरासमोर बसलं की कोर्टासारखं होतं, शेजारी चालताना बोलणं सोपं जातं), एकदाच बोला, आणि त्याने ऐकलं नाही तरी संबंध तोडून टाकू नका, कारण ज्या दिवशी त्याला मदत हवी असेल त्या दिवशी त्याला आठवायला कुणीतरी पाहिजे. मारझोडीचं मात्र वेगळं, तिथे त्या बाईची आणि मुलांची बाजू आधी, मैत्री नंतर.

आणि आपल्याला कुणी सांगायला आलं तर? ‘मनीं वीट मानूं नये । सिकवणेचा’. मला हे अजून जमत नाही, प्रयत्न चालू आहे.

मूर्खलक्षणं वाचली की वाटतं सगळ्या ओव्या माझ्याच आहेत. उदास वाटतं.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं. एक काम करा, पूर्ण समास रोज वाचू नका. एक ओवी निवडा, आठवडाभर तेवढीच. आमच्यात एक कॉलेजची मुलगी येते, तिने ‘दोघे बोलत असती जेथें’ घेतली होती, मैत्रिणींच्या बोलण्यात मध्ये शिरायची सवय होती तिला. आठवड्याने म्हणाली, थांबून ऐकायला लागले तर कळलं की त्या माझ्याबद्दल काही बोलतच नव्हत्या, मला उगाच वाटायचं. तिची ती भीती गेली. ओवीत असं काही लिहिलेलं नाही, ते तिला तिचं सापडलं.

ही यादी दुसऱ्याला पाठवू मात्र नका. नवऱ्याला, सुनेला, साहेबांना नेम धरून ओवी फॉरवर्ड करणारे लोक आहेत. ‘दोष ठेवी पुढिलांसी । तेंचि स्वयें आपणापासीं’, तो मग पढतमूर्खाचा समास होतो.

मुलांना वाचून दाखवावं का?

दाखवा, आठवी-नववीनंतर. लहान मुलांना नको, ती एकमेकांना ‘तो येक मूर्ख’ म्हणत सुटतात आणि एखादं हळवं मूल रडतं. लहानांना उत्तमलक्षण द्या, ‘वाट पुसल्याविण जाऊं नये । फळ वोळखल्याविण खाऊं नये’, ते त्यांना कळतं आणि आवडतं.

भाषा जुनी आहे, कळत नाही.

मोठ्याने वाचा. डोळ्यांनी अवघड वाटते ती कानाला कळते. बाजारात सार्थ प्रती सहज मिळतात.

जुनी मैत्री आपल्याच चुकीने तुटली असेल तर परत जोडता येते का?

वर म्हटलं होतं, एक ओवी माझी आहे. ‘लक्ष्मी आलियावरी । जो मागील वोळखी न धरी’. मी खोलीवर राहून शिकत होते तेव्हाची माझी एक मैत्रीण, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायला माझ्याकडे पैसे नव्हते तर तिने स्वतःच्या मेसचे पैसे दिले आणि महिनाभर एक वेळ जेवली. मला नोकरी लागली, प्रमोशनं झाली, घर झालं. तिचं लग्न साध्या घरात झालं. बरीच वर्षं गेल्यावर तिचा फोन आला, मुलीच्या ॲडमिशनसाठी कर्जाचं कसं करायचं विचारत होती. मी मीटिंगमध्ये होते, नंतर करते म्हणाले, आणि केला नाही. भांडण नाही, काही नाही. नुसता केला नाही. तिनेही परत केला नाही.

मग एका गुरुवारी वाचायची पाळी माझी होती आणि ही ओवी आली. मी वाचली आणि पुढची वाचता येईना. लोकांना वाटलं घसा बसला, शेजारच्या वहिनींनी पाणी दिलं आणि पुस्तक त्यांनी पुढे वाचलं.

मी गेले तिच्याकडे. फोन करून नाही, थेट, दीड तास एस.टी.ने. फोनवर मला पळवाट सापडली असती. दार तिनेच उघडलं. मी तिथेच उंबऱ्यात उभं राहून म्हणाले की तुझ्या फोनला मी उत्तर दिलं नाही, ते चुकलं. ती म्हणाली, आत ये, आधी चहा घे. मुलगी शिकली होती, दुसरीकडून कर्ज झालं होतं, नोकरीलाही लागली होती. त्या फोनबद्दल ती नंतरही काही बोलली नाही आणि मीही परत काढलं नाही.

पहिल्यासारखं झालं का? नाही झालं. पूर्वी ती मला काहीही सांगायची, आता थोडं राखून बोलते, आणि ते मला कळतं. पण दर पंधरा दिवसांनी फोन असतो, कधी तिचा कधी माझा. मागच्या दासनवमीला आम्ही दोघी सज्जनगडावर गेलो होतो, पायऱ्या चढताना तिचे गुडघे दुखत होते म्हणून मध्येच थांबलो, तिने पिशवीतून दोन डबे काढले. एक माझ्यासाठी होता.